फुगवट्याच्या काठचं पहिलं घर

आमच्या गावात शिरताना उजव्या हाताला जे घर लागतं, ते पहिलं. नुसतं रस्त्यावरचं पहिलं नाही, अख्ख्या गावठाणातलं पहिलं. जुनं गाव धरणाच्या फुगवट्यात गेलं, तेव्हा वर माळावर सगळ्यात आधी ह्याच घराचा पाया पडला आणि तो माझ्या वडलांनी, आप्पांनी घातला. गावातलं शेंबडं पोरही हे सांगेल. दर झेंडावंदनाला सांगतातच. "आपल्या गावचे पहिले रहिवासी, पहिले फौजी, पहिले सरपंच," असं म्हणून माईक खरखरतो आणि आप्पा उठून दोरी ओढतात.

माझ्या आईला ते ऐकलं की हसू फुटायचं. पदर तोंडाला लावून म्हणायची, "पयले रहिवासी म्हनं! दोन म्हैन्याच्या रजेवर आले, चार भिंती घातल्या, मला आत लोटलं आन गेले परत बंदुका पुसाया. ऱ्हायलं कोन? मी!"

आणि ते खरंच होतं. धरण बांधून होत आलं तरी जुन्या गावातलं कुणी हलायला तयार नव्हतं. पाणी येणार, पाणी येणार असं सरकार लई वर्षं म्हणत होतं, म्हणून कुणाला ते येईल असं वाटतच नव्हतं. आप्पा रजेवर आले, धरणाची भिंत बघून आले आणि दुसऱ्या दिवशी माळावर दोरी धरून घराची आखणी करायला लागले. सासू-सासरे म्हणाले, आम्ही नाही येत त्या खडकावर. मग आप्पांची रजा संपली आणि आई मला कडेवर घेऊन त्या उघड्या माळावर एकटी राहिली. आजूबाजूला दिवा नाही, माणूस नाही. लांडगे दारापर्यंत येऊन जायचे. ती दाराला पाटा-वरवंटा लावून झोपायची.

पुढं पाणी आलं, तेही कसं, तर आभाळ कोरडं ठणठणीत असताना. पाऊस पडला होता तिकडं लांब नाशिककडं. लोक दारं, तुळया, कणग्या डोक्यावर घेऊन वर पळाले आणि पहिलं पाणी प्यायले ते माझ्या आईच्या माठातलं. त्या सगळ्या घरांना तिनं भाकरी घातल्या. हे झेंडावंदनाला कुणी सांगत नाही.

मी तोंडाची फटकळ आहे. सोनईला दिलेली. तिथं माझं शिवणाचं दुकान आहे. ब्लाउज वेळेवर मिळतो आणि वर दोन शब्द फुकट ऐकायला मिळतात, अशी माझी ख्याती. पण ही हकिकत सांगताना माझा फटकळपणा काही कामाचा नाही. ज्याच्यावर ओरडावं असा कुणी ह्यात नाहीच. असता तर मी केव्हाच ओरडून मोकळी झाले असते.

आप्पा फौजेत असताना काही वर्षं समुद्रकाठच्या एका छावणीत होते. आमच्या अख्ख्या गावात समुद्र पाहिलेला तो एकच माणूस. एका लढाईतही होते. तिथलं काही विचारलं तर म्हणायचे, "लई चाललो." बास. लढाईबद्दल एवढंच. समुद्राबद्दल मात्र भरभरून बोलायचे. पेन्शन घेऊन घरी आले तेव्हा फुगवट्याला ते 'समिंदर'च म्हणायला लागले. "आपला समिंदर वर्सातनं येकदा भरतो आन येकदा वसरतो. पर भरताना सांगत न्हाई, ही त्याची खोड वाईट."

ती खोड मोडायला त्यांनी एक पद्धत काढली. दिवस मावळताना पाण्याच्या कडेला एक काठी रोवायची. सकाळी जाऊन बघायचं. काठी कोरड्यात असली तर पाणी मागं चाललंय, पाण्यात असली तर चढतंय. चढत असलं की गळ्यातली फौजेतली शिट्टी काढायची आणि काठाकाठानं वाजवत जायचं. कारण सगळ्या गावाच्या मोटारी पाण्याच्या कडेला असतात, पाइप असतात, शेळ्या असतात. पाणी हटल्यावर उघड्या पडणाऱ्या गाळात लोक हरभरा-कांदा करतात, त्याला आम्ही गाळपेर म्हणतो, ती असते. शिट्टी ऐकली की माणसं हातातला घास टाकून पळायची आणि मोटारी वर ओढायची. आप्पांच्या शिट्टीनं गावाच्या किती मोटारी वाचल्या त्याचा हिशोब नाही. सरपंचकी गेली, केस गेले, दात गेले, पण काठी आणि शिट्टी काही सुटली नाही.

सरपंच असताना तर त्यांनी गावाची छावणीच करून टाकली होती. घरं दोरीत. टँकर आला की रांग. ग्रामसभा आठला म्हणजे आठला. उशिरा येणाऱ्यानं दारात उभं राहायचं. शाळेच्या पोरांना सकाळी पळवायचे. आत्ताचा सरपंच त्याच पळणाऱ्या पोरांतला एक. अजून आप्पांसमोर आला की त्याचे पाय आपोआप जुळतात. आई म्हणायची, "गावाला शिस्त लावली, पर सोताची बनियन कुठं टाकावी ती शिस्त काय लागली न्हाई."

स्मशानशेड झाली ती ह्याच काळात. त्याआधी ज्याच्या त्याच्या रानात मयत जाळायचे आणि पावसात लाकडं भिजली की हाल व्हायचे, बघवायचे नाहीत. शेड मंजूर झाली तेव्हा जागेचा प्रश्न आला. वरच्या अंगाला मुरमाड गायरान मोकळं पडलं होतं. आज त्या जागेसाठी मी कुणाचेही पाय धरीन. पण तेव्हा म्हातारी माणसं अडून बसली. मयत पाण्याकडंच न्यायची. जुन्या गावात नदीच्या काठीच नेत होतो, आपले आजे-पणजे तिकडंच आहेत, जाणाऱ्याचं तोंड तिकडंच पाहिजे. शिवाय गायरानावरचा वारा घरांवर येतो, तो धूर कोण घेणार? मग आप्पांनी खालची जागा धरली. जुन्या गावाकडं उतरणारी वाट जिथं पाण्याला भेटायची, तिच्या जरा वर.

धरण काठोकाठ भरलं तर पाणी तिथवर येतं, हे कागदावर होतं. सगळ्यांना माहीत होतं. पण कागदावर तर आमच्या गावाला डांबरी रस्ताही होता. तोवर वर्षानुवर्षं पाणी असं मागं जायचं, की जुन्या गावातल्या मारुतीचं जोतं उघडं पडायचं आणि लोक त्यावर बसून तंबाखू मळायचे. आम्ही कोरड्या मुलखातली माणसं. पाणी कमी पडलं तर काय करायचं ते आम्हाला आईच्या पोटात असल्यापासून माहीत. पाणी जास्त झालं तर काय करायचं, हा विचार आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या डोक्याला शिवला नव्हता. समुद्रकाठच्या कुठल्याही माणसानं ती जागा धरली नसती. आप्पांनी समुद्र पाहिला होता खरा, पण ते जन्मले इथंच.

शेड मात्र देखणी झाली. चार खांब, वर पत्रा, बसायला ओटा. कडेला त्यांनी लिंबाची झाडं लावली आणि ती घागरीनं पाणी घालून जगवली. एकदा आई तिथं कुणाच्यातरी दहाव्याला जाऊन आली आणि आल्या आल्या घराच्या ओट्यावर बसून आप्पांना म्हणाली, "जागा चांगली केलीत. वारा लागतो. मला तितंच न्या."

आप्पा म्हणाले, "घाई काय हाय? रांगेत या."

"चेष्टा न्हाई करत. येकदा मला गावातनं उठवलंय. आता पुन्यांदा न्हाई उठायचं मी. हितल्या मातीतच जाळा. तुमच्या हातचं येवढं येक तरी माझ्या कामाला यिऊ द्या."

आप्पांनी बसल्या जागी सलाम ठोकला. "हुकूम, बाईसायेब."

मी तेव्हा माहेरपणाला आले होते. शेंगा फोडत बसले होते. हसले मी त्यावर. असल्या गोष्टींवर आपण हसतोच.

नंतर दोन-तीनदा पाणी शेडच्या जोत्याला लागून गेलं. त्या दिवसांत जे गेले त्यांना त्यांच्या त्यांच्या रानात अग्नी दिला. ज्यांना रान होतं, त्यांना. आमची सगळी जमीन फुगवट्याखाली. बदल्यात मिळालेली दुसऱ्या तालुक्यात, लांब. ती आप्पांनी धाकट्या भावाच्या नावावर करून दिली. "मी गाव वसवलं, मीच कसा सोडून जाऊ?" म्हणाले. स्वतः गाळपेर करायचे. म्हणजे पाणी हटलं तर आमचं रान, पाणी आलं की रान नाही.

गेल्या साली आईला दम्यानं धरलं. धरलं म्हणजे असं, की दोन वाक्यं सलग बोलता येईनात. नगरला दवाखान्यात ठेवलं, नळ्या घातल्या, मग डॉक्टर म्हणाले, घरी न्या, जे खाईल ते द्या. त्याचा अर्थ काय ते कळायला फार शिकावं लागत नाही. मी दुकानाला कुलूप घातलं आणि येऊन राहिले. भाऊ पुण्याकडं कंपनीत. तो येऊन-जाऊन होता.

आमच्याकडं पाऊस यथातथाच होता. नाशिककडं मात्र धो धो चाललेला. टीव्हीवर एकामागून एक धरणांचे दरवाजे उघडलेले दाखवत होते आणि गावात आनंदीआनंद. आलं, पाणी आलं! पोरं काठावर उभी राहून मोबाईलवर व्हिडिओ काढत होती. सरपंच घरी आला आणि आप्पांना म्हणाला, "आप्पा, उद्या जलपूजन. नारळ तुमच्या हातनं."

हा आमच्याकडचा रिवाज. फुगवट्याला नवं पाणी आलं की त्याची ओटी भरायची. खण, नारळ, हळदकुंकू. आणि नारळ सोडायचा मान पहिल्या रहिवाशाचा. आप्पा टोपी घालून, फौजेतला कोट घालून गेले. गुडघाभर पाण्यात उतरून त्यांनी ओटी सोडली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. परत आले तेव्हा पायजमा भिजलेला, चेहरा काही नीट नव्हता. मी हळूच विचारलं, "शेडपर्यंत आलंय का हो?"

"हाय अजून जागा," म्हणाले आणि आत गेले.

संध्याकाळी काठी रोवून आले. सकाळी शिट्टी वाजली. मी आईचे केस विंचरत होते. शिट्टी अशी काठाकाठानं लांब जात होती आणि गावातले बाप्ये पळत होते. तिनं मान जरा वर केली आणि ऐकत राहिली. 

आप्पा आले तसं तिनं विचारलं, "पानी कुठवर आलं?"

"लांब हाय."

"शेडाच्या खालीच ना?"

"लांब हाय म्हनलं ना. तू च्या घी."

आयुष्यभर हा माणूस खोटं बोलला नाही. म्हणून तर त्याला ते बोलता येईना. आई त्यांच्याकडं बघत राहिली, मग माझ्याकडं. "शिट्टी ऐकली मी," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं. मला वाटलं, पाण्यात शिरावं आणि दोन्ही हातांनी ते मागं ढकलावं. वेड्यासारखंच वाटत होतं. पण दुसरं करण्यासारखं होतं तरी काय? मोटारी वर ओढता येतात. शेड कशी ओढायची?

त्यानंतर ती फारशी बोलली नाही. रोज आप्पा काठी रोवून यायचे, रोज सकाळी काठी पाण्यात. आईनं परत एकदाही विचारलं नाही. मीच मनातल्या मनात तिला म्हणत होते, आई, थांब गं. पाणी हटेपर्यंत थांब. दिवाळी होऊ दे, संक्रांत होऊ दे. आणि दुसऱ्या मनानं बघत होते, की श्वास घेताना तिच्या गळ्याखाली केवढा खड्डा पडतोय. हिला थांब म्हणणारी मी कोण?

एका सकाळी अर्धा कप चहा पिऊन ती गेली. कप माझ्याच हातात होता.

बायका आल्या, रडारड झाली, पुण्याहून भाऊ निघाला. बाहेर बाप्यांची कुजबुज सुरू झाली. तशी कुजबुज कुणाच्या मयतीला होत नाही. मयतीला कामं ठरलेली असतात. तू लाकडं बघ, तू मडकं आण. इथं कुणी कुणाला काही सांगत नव्हतं. सगळे नुसते उभे. आणि ज्या माणसानं प्रत्येक वेळी ही कामं वाटून दिली, तो कॉटवर बसून चपलांकडं बघत होता.

मग ते उठले आणि चालायला लागले. मी मागं गेले. वाट उतरून जिथं शेडचं वळण लागतं, तिथंच पाणी होतं. शेडचा नुसता पत्रा वर दिसत होता, त्यावर पाणकावळे पंख पसरून बसलेले. लिंबांचे शेंडे पाण्यावर हलत होते. आप्पांनी त्या शेंड्यांकडं बघितलं. मग म्हणाले, "झाडं मरत्याल."

मला इतका राग आला! झाडांचं काय घेऊन बसलात, असं तोंडावर आलं होतं. त्यांच्याकडं बघितलं आणि गिळलं. 

परत आलो तर सरपंच मोकळ्या रानासाठी सगळ्यांना फोन लावत होता. भला पोरगा आहे, रडत रडत लावत होता. सगळीकडं ऊस उभा. पाण्याच्या जिवावर झालेला ऊस, बांधापासून बांधापर्यंत, कुठं खाट टाकायला जागा नाही. वरचं गायरान कधीच भरलंय; घरकुलं, शाळा, दवाखाना, आणि ते सगळं आप्पांच्याच खटपटीनं आलेलं. शेजारच्या एकाचं मूग काढून रान मोकळं पडलं होतं. तो म्हणाला, "आप्पांसाठी जीव दीन, रानाचं काय घेऊन बसलात?" आणि घरी सांगायला गेला. आला तो खाली मान घालून. त्या रानातच त्यांची वस्ती, आणि सून बाळंतीण झालेली, ओली. आता बाळंतिणीच्या दारासमोर सरण रचा म्हणायला माझी तरी जीभ कशी रेटावी? मीच त्याला म्हणाले, "राहू द्या भाऊ. तुमचा काय दोष?"

आप्पा म्हणाले, "हितं अंगनात करू. जागा माझी हाय."

 सरपंचानं नजर वळवली. आणि मग आप्पांनाच आठवलं. गावठाणात मयत जाळायची नाही, हा ठराव त्यांनीच केलेला होता. एका म्हातारीचा लेक अंगणात सरण रचायला निघाला होता, तेव्हा त्याला ह्यांनीच समजावून परत फिरवला होता. ते कपाळाला हात लावून खाली बसले. "न्हाई," म्हणाले, "न्हाई. ते न्हाई करता येनार."

मी ओरडले तेव्हा. "कुणाचा ठराव आणि कुणाचं काय! तुम्ही केलात, तुम्ही मोडा! गावासाठी मरमर मेलात, एक दिवस बायकोसाठी मोडा!"

"आन उद्या दुसऱ्यानं मोडला तर त्याला काय सांगू?" ते म्हणाले. मोठ्यानं नाही, अगदी हळू.  

टेम्पो ठरला. तालुक्याच्या गावी न्यायचं. टेम्पोत कांद्याची पात चिकटलेली होती, पोरांनी तो धुऊन काढला. बायका मयतीबरोबर जात नाहीत असं एक म्हातारा म्हणायला लागला, तर मी त्याच्याकडं नुसतं बघितलं. चढून बसले आईच्या पायाशी. भाऊ आणि आप्पा डोक्याशी.

आमच्या घरापासून शेडकडं जायचं म्हणजे अख्खं गाव पार करून जायचं. प्रत्येक मयत तशी जायची. दारादारात बायका उभ्या राहून हात जोडायच्या. आईचं ते होणार होतं, तिचा तो हक्क होता. त्या प्रत्येक दारात तिनं कधी ना कधी भाकरी पोचवली होती. पण टेम्पो उलट्या दिशेला निघाला. आमचं घर शिवेवरच. त्यामुळं गाव संपायला वेळच लागला नाही. लोक मागून पळत आले आणि फाट्यावर थांबले.

आप्पांनी तिच्या कपाळावरचं कापड सारखं केलं आणि म्हणाले, "दुसऱ्यांदा उठवली मी हिला."

तालुक्याच्या स्मशानात आमच्याआधी एक मयत जळत होती आणि मागून एक येऊन थांबली होती. कुणाचं कुणाशी नातं नाही, ओळख नाही. लाकडं रचणाऱ्यानं विचारलं, "आवरतंय ना?" वाईट मनानं नाही विचारलं त्यानं, त्याचं ते रोजचंच. पण माझ्या आईचं तसं आवरलं.

रक्षा तेवढी परत आणून फुगवट्यात सोडली. लोक म्हणाले, झालं ना शेवटी गावातच! समजूत घालायला म्हणतात लोक. माझी काही समजूत पटली नाही. आईनं राखेचं म्हटलं नव्हतं.

दिवसकार्य झाल्यावर आप्पा ग्रामसभेत उभे राहिले. शेड वर हलवा, म्हणाले. "जागा चुकली. चूक माझी हाय." सगळे एकदम, "छे छे आप्पा, तुमची कसली चूक!" त्यांना ती चूक पदरात घेऊही देईनात. मग जागा कुठली? "आप्पा म्हनतील ती." आप्पांनी एक म्हटली, तर तिथून शाळा दिसते. दुसरी म्हटली, तर ती कुणाच्या बांधाला. तिसरीकडून मंदिराची वाट. स्मशान सगळ्यांना पाहिजे, पण दुसऱ्याच्या बांधाला. मी मागं बायकांत बसले होते, उठून सुनावलं सगळ्यांना. ऐकून घेतलं त्यांनी. खाली माना घालून ऐकून घेतलं, हीच तर पंचाईत. कुणी भांडलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या झेंडावंदनाला आप्पांना शाल दिली, नारळ दिला. शाल द्यायला गावाकडं कायम जागा असते.

उन्हाळ्यात पाणी हटलं आणि शेड उघडी पडली. पत्रा वाकलेला, जोत्यावर गाळाचा थर. लिंबं वाळलेली. आप्पा रोज खोरं घेऊन जायचे आणि गाळ काढायचे. ह्या वयात नका करू म्हटलं तर ऐकायचे नाहीत. धुऊन-पुसून ओटा लख्ख केला त्यांनी. मी आता निम्मा आठवडा इथंच असते. त्यांना एकट्यानं ठेववत नाही.

एक दिवस ओट्यावर बसून म्हणाले, "औंदा कोरडं जावं."

"काय कोरडं?"

"सगळंच. पानी असंच मागं ऱ्हावं. येक दुष्काळ पडावा आन त्यात मी निघून जावं. चालत न्याल मला हितवर, सगळ्या गावातनं."

"काहीतरी अभद्र बोलू नका आप्पा," मी फटकारलं. आयुष्यभर पाण्यासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेला माणूस दुष्काळ मागतोय! पण खरं सांगते, त्या दिवसापासून मीही आभाळाकडं बघताना हात जोडायला लागले आणि काय मागत होते ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

आणि यंदा पाऊस नाहीच आला. आषाढ निम्मा गेला. पेरलेलं करपायला लागलं, नाशिककडंही काही नाही. गावानं महादेव कोंडायचं ठरवलं. म्हणजे गाभाऱ्याच्या दारात चिखलाचा बांध घालायचा आणि घरटी एकेक घागर ओतून पिंड पाण्यात बुडवायची. मग देव कोंडतो आणि पाऊस पाडतो. पहिली घागर पहिल्या रहिवाशाची. सरपंच घरी आला, पाय जुळवून उभा राहिला. "आप्पा, चला. लोक थांबलेत."

आप्पा कॉटवर बसून होते. माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, "त्यांना बरं नाही. दुसऱ्या कुणाकडून करा." माझा आवाज चढला होता. सरपंचाला काही कळलं नाही, बिचारा गोंधळला. दारात आणखी माणसं आली होती. कडेवर पोरं, डोक्यावर रिकाम्या घागरी. त्यात शेजारची ती गेल्या सालची बाळंतीणही होती, पोर कडेवर घेऊन.

आप्पांनी तिच्याकडं बघितलं, पोराकडं बघितलं. मग उठले, टोपी घातली. मला म्हणाले, "घागर भर."

मी भरली. नळाखाली घागर भरेपर्यंत माझ्या डोळ्यांतून पाणी थांबेना. देवळात गर्दी होती. आप्पा गाभाऱ्यात वाकले, घागर डोक्याला लावली. ओठ हलत होते. काय मागितलं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं शेवटी मोठ्यानं म्हणाले, "पाड रं बाबा. काठोकाठ भर." आणि सगळी घागर पिंडीवर रिकामी केली. लोकांनी जयजयकार केला, बायका पुढं सरसावल्या.

बाहेर पायरीवर आले, रिकामी घागर माझ्याकडं दिली. शिट्टी चाचपून बघितली, आहे का गळ्यात. आणि घराकडं चालायला लागताना मला म्हणाले, "आता मलाबी टेम्पोच."